सत्तावीस वेढे

सोमवार, ३ फेब्रुवारी

नाही भरणार! अर्ज नाही भरणार म्हणजे नाही भरणार!

आज वर्गात कागद वाटले. नववीतल्या प्रत्येकाने एक खेळ निवडायचा. एकच. आणि दोन वर्षं तोच खेळायचा. खाली पालकांची सही. पुढच्या सोमवारी सकाळी कागद परत. हे सगळं शिट्टी सरांनी सांगितलं – खेळाचे सर, दर वाक्याच्या शेवटी एक शिट्टी फुंकतात, जसे काही आम्ही बैलच आहोत.

मी कागद दप्तरात कोंबत होते तर मागून आवाज आला – "फक्की, तू मैदान झाडायचा खेळ घे!" सगळे फिदीफिदी हसले. खारसुद्धा हसली! माझ्याच बाकावर बसते, माझ्याच डब्यातलं पळवते (म्हणून तर ती खार), आणि माझ्यावरच हसते. मी तिच्या वहीवर शाई सांडली. थोडीशीच.

फक्की! बाबा शाळेच्या मैदानावर कामाला आहेत. पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याची पांढरी फक्की टाकून रेषा आखायच्या. संध्याकाळी घरी येतात तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असतात. सगळी शाळा त्यांना मैदानकाका म्हणते आणि मला फक्की. पाचवीपासून! यात माझा काय गुन्हा?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

घरात प्रत्येकाला अक्कल फुटली आहे.

दादा – "बुद्धिबळ घे. एका जागी बसायचं, तोंड बंद ठेवायचं. पहिलं जमलं तरी दुसरं जमायचं नाही." स्वतः व्हॉलीबॉलचा कप्तान आहे ना, मग काय, दोन बोटं स्वर्ग उरला.

आई – "टेबल टेनिस घे बाई, सावलीत असतं."

आत्या फोनवर – "पोहायला घाला, मुलगी उंच होते." शाळेला तलाव कुठाय? पाण्याच्या टाकीत पोहू?

मला काय हवंय हे एकाने तरी विचारलं का? नाही! मलाही माहीत नाही म्हणा, पण विचारावं तरी!

बाबा ओट्यावर बसून दोरी गुंडाळत होते. रोजचंच. पंचवीस मीटरची सुती दोरी, पांढरी, मधून एक निळा धागा गेलेला, दोन्ही टोकांना लोखंडी कडी. कड्या खुंटीत अडकवायच्या, दोरी ताणायची, तिच्या कडेने फक्की टाकायची. अशी चार वेळा टाकली की शंभर मीटर. सरांच्या कपाटात चांगली मोजायची फीत आहे, पण तिला हे हात लावणार नाहीत. "फीत वाऱ्याने फुगते. दोरी खोटं बोलत नाही." हे वाक्य मी जन्मल्यापासून हजार वेळा ऐकलंय. मग संध्याकाळी ती दोरी पंजा आणि कोपराभोवती गुंडाळत बसायचं, ओठातल्या ओठात मोजत – पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. अठ्ठावीस झाले की खिळ्यावर. जसं काही कुणी चोरून नेणार आहे!

बुधवार, ५ फेब्रुवारी

व्हॉलीबॉल करून पाहिला. चेंडू माझ्या बोटावर आला, मी चेंडूवर नाही. करंगळी सुजली. दादा हसून हसून जाळीला लटकला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

टेबल टेनिस. एक टेबल, बावीस मुली. पाऊण तासात मला चार चेंडू मिळाले. त्यातला एक मी पायाखाली फोडला. मुद्दाम नाही. (दुसरा मुद्दाम.)

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दादाने माझ्या दप्तरातून अर्ज काढला आणि त्यावर पेनाने लिहिलं – बुद्धिबळ! पेनाने!! आणि कागद नाचवत दारातून पळाला.

माझ्या डोक्यात सणक गेली. चप्पलही घातली नाही. तो पुढे, मी मागे. गल्ली, मग शिलाईवाल्याचं दुकान, मग पिठाची गिरणी, मग डावीकडे वळून सरळ पाण्याच्या टाकीपर्यंत. सतरा वर्षांचा घोडा, शाळेच्या संघाचा कप्तान. टाकीच्या अलीकडे मी त्याची कॉलर धरली. कॉलर फाटली. तो खाली बसून धापा टाकत होता – "तू… काय… खाल्लंस गं?"

मी तिथेच, टाकीच्या भिंतीवर कागद ठेवून, 'बुद्धिबळ' खोडलं आणि वर लिहिलं – धावणे. माझ्या हाताने. मला कुणी सांगितलं नाही, कुणी सुचवलं नाही. माझा मला सापडला!

परत आले तर बाबा फाटकाशी उभे. त्यांनी सगळं बघितलं होतं. म्हणाले, "पाय चांगला पडतो तुझा. टाच तेवढी टेकू देऊ नकोस." आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चांगलं बोलले! तेवढ्यावर थांबायचं ना? पण नाही. "एवढंच की तो एकटीचा खेळ आहे. हरलीस तर दुसऱ्या कुणाच्या नावाने ओरडता यायचं नाही."

म्हणजे काय? मी ओरडते? मी!

शनिवार, ८ फेब्रुवारी

सोमवारी धावणाऱ्यांची चाचणी आहे. शंभर मीटर. मुलींना साडेचौदा सेकंदांच्या आत यायला हवं. जे येतील त्यांची नावं क्रीडा केंद्राला कळवणार. मग महिन्याभराने तिथे परत धावायचं. तिथे घेतलं की रोज खऱ्या प्रशिक्षकाजवळ सराव, बूट त्यांचे, आणि तिथे मला फक्की म्हणणारं कुणी नाही!

पण घालू काय? माझ्या नशिबी दादाची जुनी ट्रॅकपँट. इलास्टिक कधीच मेलेलं. दोन पावलं टाकली की पँट गुडघ्यावर. आईला म्हटलं तर म्हणे, "नाडी घाल." नाडी आहे कुठे घरात? "बघते संध्याकाळी." आणि गेली कामावर – हॉटेलच्या चादरी इस्त्री करायला. जगाच्या चादरींना घडी आहे, माझ्या पँटला नाडी नाही!

शेवटी बाबांच्या दोरीतून कापून घेतली. खिळ्यावरच होती. एका टोकाची कडी सोडली, कंबरेला लागते तेवढी – दोन हात असेल – कापली, कडी परत बांधून टाकली. बुटाची गाठ मला छान येते. दोरी बारीक आहे, पँटच्या नेफ्यातून पेन्सिलीने सरसर गेली. एवढ्या गाडाभर दोरीतून दोन हात गेले तर काय आभाळ कोसळणार आहे!

संध्याकाळी आईने नाडी आणली नाहीच. विसरली. मला माहीतच होतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

चौदा पूर्णांक दोन!!!

चौदा दोन! साडेचौदा नाही, चौदा दोन! शिट्टी सरांनी स्टॉपवॉच हलवून बघितलं, कानाला लावलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि शिट्टी वाजवायची विसरले. खार चौदा चार. मुलांमधून फक्त उंच्या बसला. असे तिघं. जेवणाच्या सुट्टीत सरांनी केंद्राला नावं कळवूनसुद्धा टाकली.

कुणी फक्की म्हणालं नाही आज. एकानेही नाही.

मी घरी उडतच आले. आईने मला मिठीत घेतलं, दादाने डोक्यावर टपली मारली, म्हणाला, "माझी कॉलर वाया नाही गेली." आणि बाबा? बाबा ओट्यावर दोरी गुंडाळत बसलेले. मी सांगतेय, बाबा चौदा दोन, आणि हे – "सव्वीस… सत्तावीस." थांबले. सगळी सोडली. परत गुंडाळली. "सत्तावीस." टोकाची कडी हातात घेऊन बघत बसले. आता यांना मोजताही येईना! आज, आजच्या दिवशी तरी ती दोरी बाजूला ठेवायची होती!

मग माझ्याकडे बघितलं त्यांनी. डोक्यापासून पायापर्यंत. म्हणाले, "छान धावलीस." पण कसं म्हणाले! जसं काही मी नापास होऊन आले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आजच्या आज हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे विसरायला नको – बाबांना माझं चांगलं बघवत नाही.

शाळेत गेले तर मैदानावर रेषा परत आखलेल्या! कालच तर आखल्या होत्या. "पुसट झाल्या होत्या," म्हणे. एका दिवसात? वर शाळा सुटल्यावर मला थांबवून म्हणतात, "आज परत एकदा धावून बघतेस का? मी घड्याळ लावतो."

"का? काल धावले ते खोटं होतं?"

"तसं नव्हे. अगं, काल ती दोरी –"

"दोरी गेली खड्ड्यात! तुम्हाला दोरीशिवाय काही दिसतं का? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी जमलं, आणि तुम्ही परत मोजायला बसलात!"

मैदानात सगळ्यांसमोर ओरडले. ओरडले तर ओरडले! बाबांनी फक्कीचं घमेलं उचललं आणि सामानाच्या खोलीकडे गेले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पहाटे पाचला बाबांनी पांघरूण ओढलं. "ऊठ. महिनाच आहे हातात." मी म्हटलं, मी पास झालेय. तर म्हणे, "म्हणूनच ऊठ."

बाबा सायकलवर, मी पुढे पळतेय. मागून नुसतं – "टाच! टाच!" गल्लीतली कुत्री माझ्यावर भुंकत होती आणि मी बाबांवर.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पाच वाजता. टाच, टाच. पोटऱ्या दगड झाल्या आहेत. जिना बसून उतरले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काहीतरी गडबड आहे. शेवटची रेषा येता येत नाही! चाचणीच्या दिवशी कशी झटकन आली होती. आता छाती फुटते तरी ती पुढेच. घरी म्हटलं, "बाबांनी नवीन आखलेलं मैदान नीट नाही. चढ असल्यासारखं वाटतं."

दादा ताटावरून – "नाचता येईना, अंगण वाकडं!"

मी त्याच्या ताटात पाणी ओतलं. आई मलाच बोलली. बाबा खाली मान घालून जेवत होते. एरवी मैदानाला कुणी नाव ठेवलं तर चवताळून उठणारा माणूस!

शनिवार, १ मार्च

बाबांनी आज घड्याळ लावून पळवलं. तीनदा. "किती?" "चांगली आहे." "किती आहे?" "चांगली आहे म्हटलं ना." आकडा सांगायला काय दातखीळ बसते का? घड्याळ मागितलं तर खिशात घातलं. म्हणाले, "अजून आठवडा आहे. सुरुवातीला फार लवकर उभी राहतेस. वाकून नीघ."

वाकून निघाले. पाचदा. दहादा. मी दमले पण हा माणूस दमत नाही! दिवसभर रूळ ओढतो आणि पहाटे माझ्या मागे सायकल मारतो. याला झालंय तरी काय?

शुक्रवार, ७ मार्च

उद्या. उद्या बघाच.

शनिवार, ८ मार्च

चौदा सहा.

साडेचौदा हवे होते. चौदा सहा. एक दशांश!

रविवार, ९ मार्च

काल लिहवलं नाही. आज सगळं लिहिते.

मी जीव तोडून धावले. वाकून निघाले, टाच टेकली नाही, कुठेही अडखळले नाही. आणि चौदा सहा. खार चौदा नऊ. तिला रडू आवरेना. उंच्याही राहिला. आमच्या शाळेची तीन मुलं, तिघंही बाहेर, तिघंही शाळेतल्या वेळेपेक्षा साधारण अर्ध्या सेकंदाने मागे.

तिथे वेळ लावणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, गळ्यात चष्मा. त्यांनी आमचा कागद बघितला – शाळेने कळवलेल्या वेळा – आणि शिट्टी सरांना म्हणाल्या, "तिघांचाही अर्धाच सेकंद कसा हो? मुलं नाही चुकलेली. तुमचं मैदान मोजून घ्या. आणि पुढच्या वर्षी तुमच्या वेळांवर मी विश्वास ठेवायचा की नाही, तेही सांगा." सगळ्या शाळांसमोर! शिट्टी सर लालेलाल. बसमध्ये खार माझ्या शेजारी बसली नाही. उंच्याच्या शेजारी जाऊन बसली.

घरी आले तर बाबा फाटकात. माझ्याकडे बघूनच त्यांना कळलं. "किती?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "एक दशांश राहिला."

मैदान मोजायला काय लागतंय! मोजा. उद्याच मोजा. मैदान कमी निघालं तर सरांची चूक, माझी नाही.

सोमवार, १० मार्च

मला मरावंसं वाटतंय. नाही, मला कुणालातरी मारावंसं वाटतंय.

मोठ्या बाई स्वतः मैदानावर उतरल्या. हेडबाई कधी मातीत पाय ठेवत नाहीत! सरांनी कपाटातली फीत आणली. मोजलं. बरोबर शंभर मीटर. केसभरही इकडेतिकडे नाही.

मला वाटलं, चला, सुटलो. पण बाबा मधेच पुढे आले. टोपी काढून म्हणाले, "बाई, आज बरोबर आहे. चाचणीच्या दिवशी कमी होतं. साडेतीन मीटर. माझी मोजायची चूक. दुसऱ्या दिवशी मी नीट केलं."

बाई – "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि वेळा कळवलेल्या होत्या. त्या तीन मुलांत तुमची मुलगी होती. महिनाभर तुम्ही सांगितलं का नाही?"

बाबा गप्प. बाईंनी तीनदा विचारलं. तीनदा गप्प! शंभर मुलं खिडक्यांतून बघत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही फाटकावर. मैदानाच्या किल्ल्या सरांकडे द्या." एवढी वर्षं ते मैदान सांभाळलंय त्यांनी. किल्ल्या काढून देताना जुडगा हातातून पडला.

जिन्यात उंच्या म्हणाला, "बापाने लेकीसाठी मैदानच आखडलं!" मी त्याला ढकललं. पण बोलणार काय? खरंच तर आहे!

घरी आल्यावर मी मनात काहीही ठेवलं नाही. "दोरी खोटं बोलत नाही म्हणे! माणसं बोलतात ना! मला जमणारच नाही असं वाटत होतं तुम्हाला, म्हणून मैदान छोटं केलंत! मी मागितलं होतं का? आता मी धावले काय आणि लंगडले काय, सगळे म्हणणार फक्कीचा बाप चोर!"

बाबा मोरीत हात धूत होते. चुना निघून गेला तरी धूत होते. म्हणाले, "वाटलं होतं, महिन्याभरात तू तेवढं काढशील. काढलंसही जवळजवळ." आणि मग, "जेवून घे."

आई उसळली – "सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही हिचा! तोंड सांभाळ. तुला काही माहीत नाही."

"मग सांग ना! सांग!"

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी नुसती मान हलवली. आई तव्याकडे वळली आणि भाकरी इतकी आपटली की दोन तुकडे झाले.

नकोच सांगू. मला काही ऐकायचं नाही. आजपासून मी बाबांशी बोलणार नाही.

बुधवार, १२ मार्च

फाटकावर खाकी शर्ट घालून उभे असतात. येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम. तासाची घंटाही आता त्यांनीच द्यायची. मी मागच्या भिंतीच्या भगदाडातून आत जाते. गुडघा खरचटला. चालेल.

गुरुवार, १३ मार्च

मैदानावर नवा माणूस आहे. त्याच्या रेषा म्हणजे शेवयाच! बाबा फाटकातून मान उंच करून बघत होते. गज दोन्ही हातांनी धरले होते.

मला काही वाटलं नाही. मुळीच नाही.

शुक्रवार, १४ मार्च

आज घंटा दोन मिनिटं उशिरा झाली. मुलं म्हणाली, "काका, मोजायला चुकलात का?" आणि हसली. बाबाही हसले. का हसले? एकाच्या तरी मुस्काटात द्यायची होती!

मी भगदाडाशी उभी राहून बघत होते आणि मलाच रडू आलं. रागाने. दुसरं काही नाही.

शनिवार, १५ मार्च

शिट्टी सरांनी नवा कोरा अर्ज हातात दिला. "खेळ बदलायचा असेल तर सोमवारी आण. काय झालं त्यात तुझा दोष नाही, पोरी." शिट्टी नाही वाजवली. एवढं गोड बोललेलं मला आणखी टोचलं.

बदलणारच. गोळाफेक घेईन. निदान काहीतरी जोरात फेकता येईल. किंवा काहीच नको. धावणं तर नकोच नको. ते माझं होतं, मी टाकीच्या भिंतीवर माझ्या हाताने लिहिलं होतं, आणि बाबांनी त्याची माती केली. ते कधीच माझं नव्हतं. साडेतीन मीटर कमी होतं ते.

पँट दादाच्या अंगावर फेकून देणार आहे. ज्याची त्याला. नाडी मात्र देणार नाही, नाडी माझी आहे.

रविवार, १६ मार्च

अर्ज अजून कोरा. घरात चारही माणसं मुकी. दादासुद्धा थट्टा करत नाही, तेच जास्त अंगावर येतंय.

सोमवार, १७ मार्च

सकाळी पँटमधून नाडी ओढून काढली. बाबा फाटकावर गेलेले. खिळ्यावर त्यांची दोरी. टोकाला कडीजवळ एक नवा तुकडा जोडलेला दिसला. पांढराफेक. त्यात निळा धागा नाही. माझी बुटाची गाठ नाही, बाबांची दुहेरी गाठ. मी माझी नाडी त्या तुकड्याला लावून बघितली. तेवढीच. बोटाचाही फरक नाही.

एक वेढा. चार वेळा टाकली की चार वेढे. साडेतीन मीटर.

वहीची मागची पानं उलटली. १० फेब्रुवारी. "सत्तावीस." माझ्याच अक्षरात.

आई मागे उभी होती. म्हणाली, "मी पँट धुताना बघितली होती. त्यांनीच म्हटलं, पोरीला बोलायचं नाही."

आज भगदाडातून आले नाही. फाटकातून आले. बाबांनी सलाम केला, सवयीने.

आता मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर उभी आहे. घंटा व्हायला दोन मिनिटं आहेत. अर्ज भरलाय – धावणे. बाईंना नाडी दाखवायचीय, म्हणून ती मुठीत आहे. हे लिहून झालं की वही दप्तरात टाकायची, दुसऱ्या हाताने अंगावरची ही बिननाडीची पँट धरायची आणि आत जायचं.